अंगठ्याचा गुण

“आईला सांगायचं न्हाई,” मी म्हणाले, आणि हौसानं आ केला.

मागच्या अंगणात, पौषातल्या उन्हात, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी उजव्या हाताचा अंगठा पाण्यात बुडवला, मडकी भाजायच्या आव्यातली चाळलेली राख त्याला लावली, वर चिमूटभर हळद-मीठ घेतलं. तिचा घसा आतून लालभडक झाला होता, दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके होते आणि पडजीभ सुजून खाली लोंबत होती. मी अंगठा आत घालून पडजीभ वर दाबली. पोर कोरड्या ओकाऱ्या देत उठून बसली, थुंकली, डोळे पुसले.

“झालं. आता तीन दिस दुसरं औषध घ्यायचं न्हाई. गुण जातो.”

“ठावं हाय,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “मी काय पावणी हाय व्हय?”

हौसा तेव्हा दहा वर्षांची होती. माझ्या थोरल्या जाऊबाईंची, आक्कांची, पहिली मुलगी. कृष्णाकाठी आमच्या गावात कुंभारांची नऊ घरं होती, त्यात आमचं शेवटचं. दोघे भाऊ एकत्र, चूल एक, चाक एक. हौसा जन्मली आईच्या पोटी, पण वाढली माझ्या अंथरुणात. तिला झोपताना कुणाचं तरी बोट धरायला लागायचं आणि आक्कांचे दोन्ही हात कायम कामात, आणि पुढे धाकट्या बकुळात, गुंतलेले असायचे.

लहान पोरांचे घसे बघायची रीत आमच्या घरात जुनी. पोर गिळेना, ताप भरला, की आया त्याला काखोटीला मारून रविवारी नाहीतर मंगळवारी कुंभारवाड्यात यायच्या. सासूबाईंचा, तानूआत्तींचा, अंगठा पंचक्रोशीत नावाजलेला होता. त्याबद्दल काही घ्यायचं नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही, असा नेम. चौथ्या दिवशी पोर भाकरी खायला लागायचं. पुढे आत्तींची उजवी बाजू लुळी पडली तेव्हा त्यांनी तो अंगठा मला दिला. देणं म्हणजे काय, तर ओल्या मातीच्या गोळ्यात त्यांनी डाव्या हातानं आपला लुळा अंगठा आणि माझा अंगठा एकावर एक धरून दाबला. थोरल्या सुनेला दिला नाही. “लेकुरवाळीचा गुण तिच्या पोरांतच जिरतो,” म्हणाल्या. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मला मूलबाळ नव्हतं. माझ्या वांझपणाचा कुणाला काही उपयोग होईल, असं त्या दिवसापर्यंत मला वाटलं नव्हतं.

खरं सांगते, मी फुगले. ज्या बाया हळदीकुंकवाला मला ओलांडून पुढच्या बाईला कुंकू लावत, त्याच रविवारी आपलं पोर माझ्या मांडीवर ठेवून “बघा की वं जरा” म्हणू लागल्या. मांडी भरलेली असण्याचं सुख मला दुसऱ्यांच्या पोरांनी दिलं. मी सातवी शिकलेली होते. राखेत काय असतं आणि काय नसतं एवढं मला कळत होतं. पण चौथ्या दिवशी पोर बरं व्हायचं हेही डोळ्यांना दिसत होतं, मग हातच्या काकणाला आरसा कशाला?

आक्कांना मात्र ते लागलं. थोरली सून असून डावललं, हे त्या विसरल्या नाहीत. एकदा चुलीपुढे मी भाकऱ्या करत असताना त्यांनी दारातून हौसाला बजावलं, “घसा धरला तर मला सांगायचं. काकीकडं जायचं न्हाई. माझ्या पोरींला वांझेचा अंगठा नगं.” मी ऐकावं म्हणूनच त्या तेवढ्या मोठ्यानं बोलल्या होत्या. मी तव्यावरची भाकरी करपवली.

त्या पौषात आक्का आणि थोरले दीर संक्रांतीच्या सुगडांची गाडी भरून खेडोपाडी गेले होते. कडेवरच्या बकुळाला त्यांनी सोबत नेलं आणि हौसाला माझ्याजवळ ठेवलं. ती दिवसभर उरलेल्या सुगडांना टिचक्या मारत बसायची. खणखणीत वाजलं ते उजवीकडे, बद्द वाजलं ते डावीकडे. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही, आवाजाला लपत नाही, आणि घरात तिच्याइतका तयार कान कुणाचा नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं टिचक्या मारायच्या थांबवल्या आणि म्हणाली, “काकी, थुकी गिळवंना गं.”

सरकारी दवाखाना दीड कोसावर होता. पण तिथले नवे डॉक्टर गुळवणी पंधराच दिवसांपूर्वी आमच्या वाड्यात येऊन, सगळ्या बायांदेखत मला बोलून गेले होते. “बाई, राखेची बोटं पोरांच्या तोंडात घालायचं बंद करा. घसा दुखला तर माझ्याकडे पाठवा.” मी मान खाली घालून ऐकलं होतं आणि रविवारी पुन्हा तीन पोरांना अंगठा लावला होता. त्यांच्याच दारात आता मी हौसाला घेऊन जायचं? आणि मनातलं दुसरंही सांगते. जिला लावू नको म्हणून मला बजावलं होतं, तिलाच माझ्या हाताचा गुण यायला हवा होता. कुणाला सांगायचं नव्हतं. माझ्यापुरतं मला जिंकायचं होतं.

चौथ्या दिवशी हौसानं दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आक्का परतल्या तेव्हा पोर ठणठणीत होती. आमचं गुपित आमच्यापाशी राहिलं. आक्का पाठमोऱ्या असल्या की हौसा मला हळूच अंगठा दाखवायची आणि हसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मीही मनात म्हणायचे.

रथसप्तमी होऊन गेली होती. एका सकाळी हौसा अंथरुणातून उठेना. उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता, हात लावला तर तापलेल्या खापरासारखा. अंगात ताप. पांघरूण पायाला लागलं तरी ओरडायची. दुसऱ्या दिवशी गुडघा उतरला आणि डावा घोटा सुजला. तिसऱ्या दिवशी घोटा बरा आणि कोपर धरलं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, फिरता वारा आहे, उतारा टाका. उतारा टाकला. वारा फिरतच राहिला.

पाचव्या दिवशी आक्कांनी गाडी जुंपायला लावली. थोरल्या दिरांनी गाडी हाकली. पोरीला नुसती उचलायलाही दोघी लागत होत्या, म्हणून मी बरोबर गेले.

गुळवणी डॉक्टरांनी एकेक सांधा हलक्या हातानं बघितला. मग तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले.

“आज गुडघा, उद्या घोटा, असं फिरतंय ना?”

“व्हय,” आक्का म्हणाल्या.

“गेल्या महिनाभरात हिचा घसा दुखला होता?”

“न्हाई बा. घसा कशाचा? पायाचं दुखणं हाय, डाक्टर.”

“पाय मला दिसतोय. घशाचं नीट आठवून सांगा. घसा दुखला असेल तर या आजाराचं नाव वेगळं आहे आणि औषध वेगळं आहे. सुया घ्याव्या लागतील, पुढची कित्येक वर्षं. दुखलाच नसेल तर उगाच एवढ्या लहान पोरीला मी ते लावणार नाही.” बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही त्याच ना, अंगठ्याच्या बाई? हिला लावला होता का कधी?”

मी बोलायच्या आत आक्काच म्हणाल्या, “माझ्या पोरीच्या तोंडाला तिचं नख बी लागू दिलं न्हाई म्या.” त्यांच्या आवाजात अभिमान होता. डॉक्टरांना बरं वाटेल, असा त्यांचा हिशेब असणार.

मी गप्प बसले. पुढं काय होणार होतं ते मला माहीत नव्हतं, एवढंच मी माझ्या बाजूनं सांगू शकते. समोर आक्का होत्या, डॉक्टर होते, दारात दीर होते. एक शब्द बोलले असते तर त्या तिघांपुढे मी खोटी, चोरटी आणि वांझ, तिन्ही एकदम ठरले असते.

डॉक्टर हौसाकडे वळले. “तू सांग बाळ. घसा दुखला होता का?”

हौसानं माझ्याकडे पाहिलं. आईकडे नाही, माझ्याकडे.

“न्हाई,” ती म्हणाली.

“गिळताना? पाणी पिताना?”

“न्हाई.”

त्यांनी पुन्हा एकदा नळी लावून ऐकलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. “आत्ता गोळ्या देतो, दुखणं थांबेल. पण आठ दिवसांनी परत आणा. बरी वाटली तरी आणा. मला छाती पुन्हा ऐकायची आहे.”

परत येताना आक्का पुढे दिरांच्या पाठीशी बसल्या. हौसा मागे कडब्यावर माझ्या कुशीत पडली होती. गाडीच्या खडखडाटात तिनं तोंड माझ्या कानाशी आणलं.

“काकी, म्या बराबर बोलले न्हवं?”

“शानी गं माझी बाय,” मी म्हणाले, आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

गोळ्यांनी दोन दिवसांत सूज उतरली. आठव्या दिवशी आमचा आवा लागला होता, धुरानं घरदार काळवंडलं होतं आणि हौसा बकुळाला पाठुंगळी घेऊन अंगणात नाचत होती. नाचणाऱ्या पोरीला दवाखान्यात कोण नेतं? मला दिवस आठवत होता. मी कुणाला आठवण केली नाही.

श्रावणात तिचा घसा पुन्हा धरला. ती आपण होऊन मागच्या अंगणात आली, माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि म्हणाली, “आईला म्हाईत न्हाई.” मी पुन्हा अंगठा लावला. पुन्हा चौथ्या दिवशी भाकरी. पुन्हा काही दिवसांनी मनगट दुखलं, ताप आला आणि आपोआप गेला. आधीच्या उरलेल्या गोळ्या होत्या, त्या आक्कांनी दिल्या.

दिवाळीनंतर हौसा बसून झोपायला लागली. आडवी झाली की खोकला यायचा, म्हणून भिंतीला टेकून, माझं बोट धरून. नदीवरून मातीची पाटी आणताना वाटेत तीनदा टेकायची. आक्का आधी चिडल्या. “कामाला नगं झालीया. वयात येतीया आता, सोंगं शिकली.” मग पाय सुजले, चेहरा सुजला, ओठ जांभळट दिसू लागले, आणि आक्का चिडायच्या थांबल्या. गुळवणी डॉक्टरांची बदली झाली होती. नव्या डॉक्टरांनी नळी लावली आणि कागदही न लिहिता म्हणाले, “आजच्या आज जिल्ह्याला न्या.”

जिल्ह्याच्या दवाखान्यात कर्णिकबाई म्हणून मोठ्या डॉक्टर होत्या. केस पांढरे, आवाज हळू. त्यांनी हौसाला तपासलं. मग आम्हा दोघींना खाटेशीच स्टुलांवर बसवलं.

“हिच्या हृदयातल्या झडपा खराब झाल्यात. झडप म्हणजे दारासारखं असतं, रक्त पुढे जाऊ द्यायचं आणि मागं येऊ द्यायचं नाही. हिचं दार बंद होत नाही. रक्त मागं येतं.”

“कशानं झालं?” आक्कांनी विचारलं.

“मागच्या वर्षी सांधे सुजले होते ना? तो ताप सांध्यांतून जातो, हृदयात राहतो. त्याच्या आधी घसा दुखला असणार. दुखला होता का गं?”

हौसा उशांना टेकून बसली होती. तिच्या गळ्याजवळची शीर उडताना मला दिसत होती. दोन शब्दांमध्ये तिला श्वास घ्यावा लागत होता.

“न्हाई,” ती म्हणाली.

“कधी कधी लक्षात राहत नाही,” बाई म्हणाल्या. “घसा चार दिवसांत आपोआप बरा होतो.”

मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. “आपोआप?”

“हो.”

“काईच केलं न्हाई तरी?”

“काही केलं नाही तरी. राख लावा, मध लावा, नाहीतर नुसते बसून राहा. चौथ्या-पाचव्या दिवशी पोर खायला लागतं. म्हणूनच लोक फसतात. घसा बरा दिसतो आणि आजार आत उतरलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरतात. ते पण बरे होतात. लोक म्हणतात, सुटलो. तेव्हा, पहिल्याच वेळी कळलं असतं तर दर तीन आठवड्यांनी एक सुई द्यायची. पुन्हा घसा धरला नसता आणि बहुतेक हे इथवर आलं नसतं. एवढंच करायचं होतं.”

“मग आता द्या की सुया,” आक्का म्हणाल्या. “रोज द्या. तीन आठवडं कशाला थांबायचं?”

बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. सुया देऊ, त्या म्हणाल्या, पण त्या पुढचं अडवतात, झालेलं भरून काढत नाहीत. ऑपरेशन मुंबईला होतं. हिचं शरीर तिथपर्यंतचा प्रवासही सोसणार नाही.

मी माझ्या अंगठ्याकडे बघत बसले होते. अंगठा मिळाल्यापासूनच्या सात वर्षांत माझ्या मांडीवर किती पोरं येऊन गेली ते मी मोजायला लागले आणि मोजता येईना. त्यांतल्या कुणाकुणाचे पुढे सांधे धरले, कोणती पोर पाण्याला जाताना टेकते, कुणाचा मुलगा “अशक्त” म्हणून शाळेतून काढला, हे सगळं मला ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक नव्हतं? फक्त ते दोन टोकांना धरून कुणी एकत्र बांधलं नव्हतं.

दुपारी आक्का खाली पाणी आणायला गेल्या. हौसा डोळे मिटून होती. मी तिच्याजवळ सरकले.

“हौसा, डाक्टरीणबाईला न्हाई का म्हणालीस?”

तिनं डोळे उघडले. मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं असावं, तसं बघितलं.

“आई हितंच हुती की,” ती म्हणाली.

मी तिला फक्त आईला सांगू नको म्हणाले होते. मागच्या पौषात, एकदाच. ती ते पाळत होती. गुळवणी डॉक्टरांसमोर पाळलं, इथंही पाळलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “काकी, माझं सुगड बद्द वाजतंय न्हवं?”

तिनं छातीवर हात ठेवला होता आणि ऐकत होती, वाजवून बघताना मान कलती करायची तशी मान कलती करून.

अकरा दिवसांनी ती गेली. पहाटे, बसल्या बसल्या. माझं बोट तिच्या मुठीत होतं, ते सोडवायला नर्सबाईंना यावं लागलं. रडायचा हक्क आक्कांचा होता, म्हणून मी तिथे रडले नाही. घरी येऊन मागच्या अंगणातली राखेची परात नदीत टाकली आणि पाण्यात उभी राहून रडले.

त्यानंतर मी कुणाला अंगठा लावला नाही. बाया आल्या, परत गेल्या. पोरीच्या दुःखानं हिचा गुण गेला, असं म्हणू लागल्या. मी त्यांना सांगायचे, दवाखान्यात न्या, घशाचं दुखणं साधं नसतं. त्या डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे बघायच्या आणि पलीकडच्या गावात दुसरी एक म्हातारी होती तिच्याकडे जायच्या.

आक्का माझ्याशी कामापुरतं बोलत. तीन वर्षं अशी गेली. मग एका रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात माती चाळत असताना त्या बकुळाला घेऊन आल्या. बकुळा सहा वर्षांची झाली होती. डोळे तापानं लाल, ओठ सुकलेले. आक्कांनी तिला माझ्यासमोर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसल्या. थोरली जाऊ माझ्यापुढे जमिनीवर कधी बसलेली मी पाहिली नव्हती.

“हिचा घसा धरलाय,” त्या म्हणाल्या. “अंगठा लाव.”

“आक्का, हिला दवाखान्यात नेऊ. आत्ता. मी येते संगं.”

“न्हाई. तू लाव.” त्यांचा आवाज फुटला. “मला ठावं हाय तू का लावत न्हाईस. म्या तुला वांझ म्हनले, माझ्या पोरीला शिवू दिलं न्हाई. ती डाक्टरीन म्हनाली घशातनं झालं. घसा दुखला आसंल पोरीचा, तिच्या ध्यानात बी ऱ्हायलं नसंल. तुझ्याकडं यायची चोरी केली म्या तिला. तवाच तू अंगठा लावला आसतास तर पोर वाचली आसती. माझ्या जिभेनं म्या माझी हौसा घालवली. आता हिला तरी लाव. पाया पडते तुझ्या.”

आणि त्या खरोखर वाकल्या.

कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच, म्हणतात. मी त्यांचे खांदे धरून त्यांना वर केलं आणि सांगून टाकलं.

“आक्का, लावला हुता मी. दोनदा. तुमी सुगडं घेऊन गेला हुता तवा पयल्यांदा. मीच तिला म्हनले, आईला सांगू नगं. अंगठ्यानं काय व्हत न्हाई. दवाखान्यात नेलं आसतं तर ती जगली आसती. तुमच्यापायी न्हाई गेली. माझ्यापायी गेली.”

मला वाटलं, आता मारतील. मी वाट बघत होते. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“खोटं,” त्या हळूच म्हणाल्या.

“आक्का…”

“माझं दुख हलकं करायला बोलतीस. मला कळतं. डाक्टरनं माझ्यासमूर इचारलं तिला. दोनदा इचारलं. डाक्टरीनबाईनं बी इचारलं. मराया टेकलेली पोर न्हाई म्हनली. तुझा अंगठा लागला आसता तर ती न्हाई कशाला म्हनंल?” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “माझी हौसा कवा खोटं बोलली न्हाई.”

मी खरी ठरायची तर त्यांची मेलेली पोर खोटी ठरत होती. मी बकुळाचा हात धरला आणि उठले, तिला तशीच दवाखान्यात न्यायला. आक्कांनी तिला माझ्या हातातून ओढून घेतलं.

“लावत न्हाईस तर नगं लावू. मला दे.”

ओल्या मातीचा गोळा तिथंच होता. त्यांनी माझं मनगट धरलं, त्यांच्या हाताला मडकी थापटून आलेली ताकद होती, आणि माझा अंगठा मातीत दाबून त्यावर आपला अंगठा दाबला. मग चुलीतली राख आणली, हळद-मीठ आणलं, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. मी ओरडून थोरल्या दिरांना बोलावलं. ते आले, त्यांनी बघितलं, आणि मला म्हणाले, “तू आत जा.”

चौथ्या दिवशी बकुळानं भाकरी खाल्ली.

मी दिवस मोजत राहिले. रोज सकाळी ती उठायच्या आधी तिच्या गुडघ्यांना हात लावून बघायचे. एकवीस दिवस गेले, चाळीस गेले. बकुळाला काही झालं नाही. सगळ्यांना होत नाही. शंभरात दोघा-तिघांना होतं, आणि कुणाला ते आधी कळत नाही. बकुळाचं लग्न झालं, तिला आता नातवंडं आहेत. देवाची कृपा म्हणा. पण त्या कृपेनं कुंभारवाड्यात पुन्हा रविवार-मंगळवार सुरू झाले. नावच झालं आक्कांचं. पोटची पोर गमावलेल्या बाईच्या हाताला गुण येणारच, असं लोक म्हणाले.

मी नंतर अंगणवाडीत लागले. तीस वर्षं आयांना सांगत आले, पोराचा घसा दुखला तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. आया मान डोलवायच्या. त्यातल्या निम्म्या खरोखर जायच्या. उरलेल्या रविवारी आमच्याच घरी भेटायच्या.

गेल्या रविवारी एक नवी सून आली. कडेवर चार-पाच वर्षांची पोरगी, तापलेली. ती दारातच घुटमळली. मोबाईलवर काही वाचलं असावं तिनं. आक्कांना आता नीट दिसत नाही, पण पाऊल अडलेलं त्यांना कळतं.

“ये गं बाय, भिऊ नगंस,” त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांना सांगतात तेच तिला सांगितलं. “माझी थोरली हुती, हौसा. हिचा अंगठा म्या तिला लावू दिला न्हाई, म्हनून गेली. धाकटीला लावला, ती जगली. तू माझ्यावानी करू नगंस.”

त्या मुलीनं माझ्याकडे बघितलं. “व्हय का वं, काकी?”

“न्हाई,” मी म्हणाले. “खोटं हाय ते. हौसाला मी लावला हुता, म्हनून ती गेली. पोरीला दवाखान्यात ने. आत्ता ने, मी येते संगं.”

आक्का हसल्या. त्यात राग नव्हता. “तिचं मनाला लावून घेऊ नगंस. लई जीव हुता तिचा हौसावर. तवापासनं आसंच बोलती.”

मुलीनं एकदा माझ्याकडे, एकदा आक्कांकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत तिला वेड दिसलं असावं. मग ती पुढे झाली, लेकीचं डोकं आक्कांच्या मांडीवर ठेवलं, आणि पोरीनं आ केला.